अंतर राखणारी गाडी अंतर का चुकते?

मृगाचे पहिले पाऊस पडले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवरच्या धुळीचा चिखल होतो. कोळसाखाणींच्या बाजूला तो काळा असतो, तर सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक जेथून जातात त्या आलापल्ली-आष्टी वाटेवर तांबडा. गाडीच्या तोंडावर तो उडतो आणि वाळला की सारवणासारखा घट्ट बसतो. जुन्या जीपला त्याचे सोयरसुतक नव्हते. परंतु अलीकडे ज्या घरांत नव्या बनावटीची मोठी गाडी आली आहे, तेथे एक तक्रार ऐकू येते. "गाडी आपणहून पुढच्या वाहनापासून अंतर राखते म्हणून सांगितले होते. पण कधी राखते, कधी राखत नाही, आणि कधी मोकळ्या रस्त्यावर उगाच ब्रेक लावते!"

या सोयीला ‘ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ म्हणतात. ती बिघडली असे वाटले तर घरच्या घरी काय पाहावे, कारागिराकडे केव्हा जावे आणि तिच्यावर किती विसंबावे, याची माहिती आपल्या वाचकांना असणे जरुरीचे आहे. कारण या गाडीत आपली मुलेबाळे बसतात, आणि तिच्यापुढून आपल्याच गावची गुरे चालतात.

सोय आली कोठून?

ठरवलेला वेग कायम राखणारा साधा क्रूझ कंट्रोल राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याने शोधला. लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत ही सोय आली. या साध्या यंत्राला पुढचे काही दिसत नाही. त्याला डोळा मिळाला तो पुढे रडारमुळे. १९९९ मध्ये मर्सिडीजने आपल्या मोठ्या गाडीत रडारवर चालणारी यंत्रणा दिली. आपल्याकडे चाकणला तयार होणारी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये आली, तेव्हा तिच्या वरच्या श्रेणीत ही सोय होती. २०२३ मध्ये टाटांच्या हॅरियर आणि सफारी या गाड्यांतही ती आली.

एकाच नावाच्या गाडीच्या स्वस्त श्रेणीत पुष्कळदा साधाच क्रूझ कंट्रोल असतो. तेव्हा आपल्या गाडीत नेमके काय आहे, हे पुस्तिकेत आधी पाहून घ्यावे. साध्या यंत्राकडून अंतर राखण्याची अपेक्षा करणे धोक्याचे आहे.

गाडी पाहते कशी?

बहुतेक गाड्यांना दोन डोळे असतात. एक रडार. ते पुढच्या बोधचिन्हामागे किंवा बंपरच्या जाळीत बसवलेले असते. वटवाघूळ जसे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते, तसे रडार रेडिओलहरी सोडते आणि परत येणाऱ्या लहरींवरून पुढचे वाहन किती दूर आहे व किती वेगाने चालले आहे हे ठरवते. या लहरी जेमतेम चार मिलिमीटर लांबीच्या असतात. अशा मिलिमीटर लहरींचे प्रयोग आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात केले होते. दुसरा डोळा म्हणजे पुढच्या काचेच्या आत, आरशाजवळ बसवलेला कॅमेरा. तो गाड्यांचे आकार आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओळखतो.

दोघांचे एकमत झाले तर गाडी नीट वागते. एक जरी आंधळा झाला, की यंत्रणा बंद पडते किंवा घोटाळा करते.

आधी फडके, मग कारागीर

समोरच्या पडद्यावर ‘सेन्सर झाकला आहे’ किंवा ‘तात्पुरते बंद’ अशा अर्थाची सूचना आली, तर घाबरण्याचे कारण नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट, चिखल. रडारवरचे झाकण आणि कॅमेऱ्यापुढची काच स्वच्छ पाण्याने भिजवून मऊ फडक्याने पुसावी. ओल्या चिखलाचा थर लहरी अडवतो. नखाने वा काथ्याने खरवडू नये, रॉकेल किंवा डिझेल लावू नये, आणि धुलाईच्या जोरदार फवाऱ्याचे तोंड जवळून धरू नये. पावसाळी रात्री काचेवर पाखरांचा खच पडतो, तोही पुसावा. वायपरचे रबर झिजले असेल तर बदलावे.

दुसरी गोष्ट, सजावट. दसऱ्याला गाडीची पूजा होते, झेंडूचा भरघोस हार बोधचिन्हावर येतो आणि तेथेच राहतो. लिंबू-मिरची, देवाचे चित्र, गावाच्या नावाची पट्टी, हौसेची जादा पाटी यांपैकी काहीही रडारपुढे येऊ देऊ नये. पूजा जरूर करावी, पण गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी हार उतरवावा.

तिसरी गोष्ट, पुढचे लोखंडी गार्ड. रानडुकराच्या भीतीने अनेकजण ते बसवतात. रडारपुढे लोखंड म्हणजे डोळ्यापुढे हात. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे. त्यामुळे पायी चालणाऱ्याला अधिक इजा होते, आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा येऊ शकतो.

चौथी गोष्ट, ऊन आणि धुके. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीची काच इतकी तापते की कॅमेरा स्वतःच्या बचावासाठी काही वेळ बंद होतो. गाडी सावलीत घ्यावी, थंड होऊ द्यावी. सकाळी चंद्रपूरहून मूलकडे निघाले की ऊन समोरून कॅमेऱ्याच्या डोळ्यात येते. मुसळधार पावसात आणि हिवाळ्यातल्या दाट धुक्यातही यंत्रणा हात टेकते. हा बिघाड नव्हे, ती तिची मर्यादा आहे.

पाचवी गोष्ट, ओझे. मागे तांदळाचे कट्टे भरले की गाडीचे तोंड वर उचलले जाते आणि रडारची नजर आभाळाकडे लागते. ओझे कमी करून पाहावे. चाकांतील हवाही तपासावी.

सहावी गोष्ट, उंदीर. धानाच्या पोत्यांशेजारी गाडी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून पाहावे. तार कुरतडलेली दिसली तर घरी चिकटपट्टी लावू नये. दुरुस्ती जाणत्याकडूनच करून घ्यावी.

एवढे करून इंजिन बंद करावे आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करावे. पुष्कळदा सूचना निघून जाते.

केव्हा वर्कशॉप गाठावे?

स्वच्छ गाडी, कोरडी हवा आणि तरीही तीच सूचना आली, तर दुखणे आतले समजावे. पुढून लहानसा धक्का बसून बंपर नुसता परत चेपून बसवला असेल, पुढची काच बदलली असेल, बंपरवर पुट्टी भरून जाड रंग दिला असेल किंवा चाकांची जुळणी केली असेल, तर संशय तेथेच घ्यावा. तिफणीची पहिली ओळ किंचित वाकडी गेली की धुऱ्याशी पोचेपर्यंत केवढा फरक पडतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. रडारचेही तसेच आहे. ते एकच अंश सरकले तर शंभर मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते. म्हणजे आपल्या पुढची गाडी सोडून ते शेजारच्या ट्रकला पाहते. मोकळ्या रस्त्यावर उगाच ब्रेक लागण्याचे हे एक कारण होय.

अशा वेळी रडार व कॅमेऱ्याची जुळणी यंत्रावर करावी लागते. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. खूणफळा समोर ठेवून किंवा गाडी ठराविक रीतीने चालवून ते करतात. काच बदलली की "कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन केले का?" हे विचारावे आणि केल्याची नोंद बिलावर घ्यावी. बिघाडाचा संकेतांकही लिहून मागावा. ब्रेकच्या पेडलजवळचा लहानसा स्विच, कमजोर बॅटरी आणि चाकांचे वेगमापक यांच्या दोषानेही ही सोय बंद पडते, म्हणून तेही तपासायला सांगावे.

नुसते "कधी कधी होते" असे सांगितल्याने कारागिराला काही कळत नाही. तारीख, वेळ, रस्ता, वेग, ऊन-पाऊस आणि पुढे कोणते वाहन होते, हे त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावे. चार नोंदी झाल्या की दुखण्याचे मूळ सापडायला मदत होते.

जे तिला दिसणारच नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. सारे काही ठीक असतानाही काही गोष्टी ही यंत्रणा हेरत नाही.

झाड, पूल, पाटी, मैलाचा दगड या सर्व स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी रडारला येतात. प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालायचीच नाही. म्हणून चालत्या वाहनांकडे लक्ष देण्याची आणि पुष्कळशा स्थिर वस्तू सोडून देण्याची तिची घडण असते. त्यामुळे रस्त्यात बंद पडून उभा असलेला ट्रक तिला उशिरा कळतो, किंवा कळतही नाही. पावसाळ्यात कोरड्या, उबदार डांबरावर बसलेली गाय, लाकडी बैलबंडी, वळणावरची मोटारसायकल, जंगलातून उडी घेणारे चितळ, रोही किंवा रानडुक्कर यांच्यासाठी ही सोय बनवलेलीच नाही.

बांबूच्या ट्रकमागे तर दुप्पट जपावे. सुका बांबू लहरी फारशा परतवत नाही, लोखंडी सांगाडा परतवतो. गाडी अंतर मोजते ते सांगाड्यापर्यंत, आणि बांबूची टोके त्याच्या कितीतरी मागे आलेली असतात. तणसाने लादलेल्या ट्रॉलीचेही तेच.

आणखी एक फसगत ध्यानात ठेवावी. आपण ८० चा वेग लावून ठेवला आणि पुढे ट्रॅक्टर आला, तर गाडी त्याच्या मागे मुकाट्याने सावकाश चालते. ट्रॅक्टर शेताकडे वळला की रस्ता मोकळा झाला असे समजून ती पुन्हा ८० कडे धाव घेते. पुढे शाळा असो की गुरांचा कळप, तिला त्याची जाण नाही. तसेच गिअर हाताने बदलायच्या गाड्यांत वेग फार कमी झाला की यंत्रणा सुटते. घंटी वाजते, आणि पुढचा ब्रेक आपणच लावायचा असतो.

८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. खालच्या प्रकाशझोतात चाळीस-पन्नास मीटरपर्यंतचेच नीट दिसते. म्हणजे बसलेली गाय दिसल्यापासून जेमतेम दोन सेकंद हाती असतात. त्यातला अर्धा वेळ "गाडी थांबवीलच" असे म्हणण्यात गेला, तर उरले काय?

तेव्हा ही सोय जाम-वरोरा-चंद्रपूरसारख्या चौपदरी रस्त्यावर, दिवसा, कोरड्या हवेत वापरावी आणि अंतर सर्वांत जास्त ठेवावे. मूल, सावली, व्याहाडवरून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जाणारा रस्ता, तसेच आलापल्लीपुढची जंगलातली वळणे येथे ती बंदच ठेवावी. उगाच ब्रेक लागला तर ॲक्सिलरेटर हलका दाबावा आणि बटणाने यंत्रणा बंद करावी. घरात ज्याच्या हाती किल्ली द्यायची, त्या मुलाला, सुनेला किंवा ड्रायव्हरला हे आधी समजावून सांगावे.

शेवटी एक काम आपल्या गोठ्यातले. ज्यांच्या दारी अशी गाडी आहे, त्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी बैलबंडी आणि ट्रॉलीही आहे. यंत्राच्या डोळ्याला त्या दिसत नसल्या तरी माणसाच्या डोळ्याला दुरून दिसल्या पाहिजेत. या पोळ्याला बंडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे लाल रेडियम पट्टी लावावी, जनावरांच्या गळ्यात रेडियमचा पट्टा बांधावा. खर्च थोडा आहे, आणि वाचणारा जीव आपल्याच गावचा असेल.