कॅम बदलण्याआधी

ट्विन कॅम इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण उघडायची वेळ बहुतेकांवर हौसेने येत नाही. हार्ले-डेव्हिडसनने 1999 च्या मॉडेलपासून हे इंजिन रोड किंग, इलेक्ट्रा ग्लाइड अशा टूरिंग गाड्यांत बसवलं. त्यातले दोन कॅमशाफ्ट चेनवर फिरतात, आणि चेन ताणून धरायला प्लास्टिकसारख्या साहित्याचा एक बूट स्प्रिंगच्या जोरावर तिच्यावर दाबलेला असतो. असे दोन बूट, एक बाहेरच्या चेनला, एक आतल्या. चेन त्यांना घासत राहते, ते झिजतात, त्यांचा चुरा तेलात मिसळतो. हे सगळं ऑइल पंपाला लागून घडत असल्यामुळे चुरा कुठे जाणार हे सांगायला नको. म्हणून जुन्या ट्विन कॅमवाल्यांना पंचवीसेक हजार मैलांच्या सुमाराला झाकण काढून बूट तपासायचा सल्ला मिळतो. पुढे कंपनीने स्प्रिंगऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर आणि रोलर चेन आणली: 2006 मध्ये डायना गाड्यांना, 2007 पासून सगळ्यांना.

झाकण निघालं की मालकाच्या डोक्यात किडा वळवळतो. उघडलंच आहे तर कॅमही बदलून टाकू! विचार वाईट नाही. त्या कामाची निम्मी मजुरी झाकण, प्लेट आणि पंप काढण्या-बसवण्यातच जाते, ती एकदा देऊन झालेलीच असते. घोडं पेंड खातं ते पुढे, कॅटलॉग उघडल्यावर.

कॅम म्हणजे काय, हे थोडक्यात. दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. लोब वर आला की लिफ्टर उचलला जातो, लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. ट्विन कॅममध्ये रॉकरचं गुणोत्तर 1.625 आहे, म्हणजे लोब एक मिलिमीटर उचलला तर व्हॉल्व्ह दीडाहून थोडा जास्त उघडतो. 1936 च्या नकलहेडपासून इव्होल्यूशनपर्यंत हार्लेच्या मोठ्या इंजिनांत चार लोबचा एकच कॅम असायचा. ट्विन कॅममध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॅम मिळाला. 2017 च्या मॉडेलपासून आलेल्या मिलवॉकी-एटमध्ये कंपनी पुन्हा एका कॅमवर आली, व्हॉल्व्ह मात्र सिलिंडरमागे चार झाले. इथे बोलायचंय ते ट्विन कॅमबद्दल, त्यातही 96 आणि 103 घनइंची इंजिनांबद्दल. म्हणजे अनुक्रमे 1584 आणि 1690 सीसी.

कॅमच्या खोक्यात एक कार्ड येतं. त्यावर लिफ्ट लिहिलेली असते, व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते ड्युरेशन असतं, आणि चार वेळा असतात: इन्टेक कधी उघडतो, कधी मिटतो, एक्झॉस्ट कधी उघडतो, कधी मिटतो. गिऱ्हाईक लिफ्ट बघतं, कारण मोठा आकडा दिसायला बरा असतो. काही कंपन्या तर कॅमला नावच त्या आकड्यावरून देतात. एस अँड एसचा 510 म्हणजे 0.510 इंच लिफ्ट, 585 म्हणजे 0.585. मला विचाराल तर टूरिंगवाल्याने कार्डावर आधी एकच आकडा शोधावा: पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाल्यावर किती अंशांनी इन्टेक मिटतो.

पिस्टन खाली जाताना हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढतो. तो तळाला पोचला तरी इन्टेक लगेच मिटत नाही, कारण वेगाने आत येणाऱ्या हवेला स्वतःचा रेटा असतो. पिस्टन वर वळला तरी थोडा वेळ ती आत घुसत राहते. इंजिन 5000 फेऱ्यांवर असेल तर हा रेटा भरपूर, व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला फायद्याचा. इंजिन 2200 वर असेल तर रेटा नसल्यात जमा. मग उघड्या व्हॉल्व्हमधून पिस्टन आत आलेलं मिश्रणच परत बाहेर ढकलतो.

हिशेब करून बघू. या इंजिनाचा स्ट्रोक 111 मिलिमीटर. तळापासून 30 अंश पुढे गेल्यावर पिस्टन सुमारे साडेपाच मिलिमीटर वर आलेला असतो, म्हणजे स्ट्रोकचा 5 टक्के. 50 अंशांवर तो पंधरा मिलिमीटर वर असतो, साडेतेरा टक्के. कार्डावर फरक वीसच अंशांचा दिसतो, पण कमी फेऱ्यांवर त्याचा अर्थ असा की दाबायला सुरुवात करण्याआधीच आठ-साडेआठ टक्के जागा हातची गेली. सिलिंडर तोच, पेट्रोलही तेच, पण गाडी खालून ओढत नाही. (कार्डावरचे अंश व्हॉल्व्ह पूर्ण टेकल्याचे नसतात. हार्लेच्या कॅमची मापं लिफ्टर 0.053 इंच उचललेला असताना घ्यायची रीत आहे. त्यामुळे दोन कॅमची तुलना करताना दोन्ही कार्डं एकाच रीतीची आहेत ना, ते बघावं.)

आता टूरिंगची गाडी कशी चालवली जाते ते आठवा. गाडी चारशे किलोच्या घरात, मागे माणूस, तीन पेट्या सामानाने गच्च. 2007 पासून सहावा गियर आला, त्यामुळे हमरस्त्यावर सुई अडीच हजाराच्या आसपास रेंगाळते. घाटात ट्रकच्या मागून निघायचं तर माणूस एखादा गियर खाली येतो आणि साडेतीन हजाराच्या आत काम उरकतो. साडेपाच हजारावर हे इंजिन कोण नेतं? डायनोवर चढवलेला मेकॅनिक. आणि जाहिरातीतली हॉर्सपॉवर तिथलीच असते.

हॉर्सपॉवर आणि टॉर्कचं नातं अगदी कोरडं आहे. फूट-पौंडातला टॉर्क गुणिले फेऱ्या, भागिले 5252. अडीच हजार फेऱ्यांवर 85 फूट-पौंड मिळत असतील तर 40 हॉर्सपॉवर हाती आहे. तिथेच टॉर्क 95 झाला तर 45. हे पाच घोडे रोज, प्रत्येक चढावर कामी येतात. उशिरा मिटणारा कॅम याच जागी दोन-चार घोडे काढून घेतो आणि साडेपाच हजारावर दहा देतो. दुकानदार दाखवतो तो कागद शेवटच्या टोकाकडून वाचू नये. 2000 ते 3500 एवढाच पट्टा उघडा ठेवून बाकीचं हाताने झाकावं.

म्हणून 96 किंवा 103 चं इंजिन मूळ हेड आणि मूळ कॉम्प्रेशनवर ठेवायचं असेल तर तिशीच्या आसपास मिटणारा इन्टेक शोधावा. पस्तिशीपर्यंत चालेल. अँड्र्यूजचा 26 नंबर याच जातीचा, आणि टूरिंगवाल्यांत त्याचं नाव आहे ते उगाच नाही. हार्लेच्याच स्क्रीमिन ईगल मालिकेतला 255 त्याहून लवकर, पंचवीस अंशांवर मिटतो. तो सीव्हीओ या खास मालिकेतल्या 110 घनइंची गाड्यांत कंपनीनेच बसवला होता. खालून ओढण्यात त्याला तोड नाही, पण तो सरसकट सुचवायला मी धजणार नाही.

कारण इन्टेक जितका लवकर मिटेल तितकं मिश्रण जास्त दाबलं जातं. पुस्तकातलं कॉम्प्रेशन 96 साठी 9.2 आहे, पण प्रत्यक्ष दाब इन्टेक मिटल्यापासून सुरू होतो. लवकर मिटणारा कॅम म्हणजे वाढलेला दाब, वाढलेली उष्णता आणि हलक्या पेट्रोलवर नॉकिंग. मागचा सिलिंडर आधीच पुढच्याच्या आडोशाला, त्याला वारा कमी. उन्हाळ्यात, टोलनाक्याच्या रांगेतून निघताना थ्रॉटल पिळला की टकटक ऐकू येते ती बहुधा त्याचीच.

इथे आपल्या वाचकासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. हार्ले 2010 पासून आपल्याकडे अधिकृतपणे विकल्या जाऊ लागल्या, पण कॅमबद्दलचा सगळा सल्ला येतो अमेरिकेतून. तिथला मेकॅनिक '91 ऑक्टेन टाक, काही होत नाही' म्हणतो तेव्हा तो आपल्या मोजणीतल्या 91 बद्दल बोलत नसतो. अमेरिकेत पंपावर लिहिलेला आकडा रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपल्याकडे नुसता रॉन. त्यांचे 91 म्हणजे आपले 95-96. आपलं 91 रॉनचं पेट्रोल त्यांच्या हिशेबात 87 च्या आसपास भरतं, आणि ते तिथे मोटारींत टाकतात, हार्लेत नाही. महामार्गावरच्या प्रत्येक पंपावर प्रीमियम मिळेलच अशी खात्री नसताना, मिटण्याची वेळ पंचविशीला आणणं म्हणजे सुखातला जीव दुःखात घालणं. लडाखच्या किंवा कोकणातल्या आडवाटेला जाणाऱ्याने तीस-पस्तीसच्या मधलाच कॅम घ्यावा, हे माझं स्पष्ट मत.

लिफ्टचा प्रश्न त्यामानाने सोपा. मूळ स्प्रिंगला किती झेपतं, यावर तो सुटतो. 2004 पर्यंतच्या हेडमध्ये साधारण 0.510 इंचापर्यंत, 2005 पासूनच्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या बीहाइव्ह स्प्रिंगवर 0.550 पर्यंत. त्याच्या आत राहिलात तर हेड उघडावं लागत नाही. त्यापुढे गेलात तर स्प्रिंग आल्या, हेड उतरवणं आलं, आणि खर्चाचा आकडा वेगळ्याच रांगेत जाऊन बसतो.

मग पुशरॉड. जास्त लिफ्टचा कॅम बनवताना बऱ्याचदा लोबचा मूळ गोल भाग लहान करतात, त्यामुळे जुना पुशरॉड आखूड पडू शकतो. यावर उपाय म्हणजे लांबी बदलता येणारे पुशरॉड. आणखी एक सोय: जुने पुशरॉड सरळ बोल्ट कटरने कापून काढतात, नवे खालूनच बसतात, टाकी आणि रॉकर बॉक्स जागचे हलत नाहीत. कापताना पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो खरा, पण रीत रूढ आहे. खरं कसब पुढे लागतं. एका सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पुशरॉड लांबवत न्यायचा. लिफ्टरवर टेकला की ठरलेले आटे मोजायचे. मग थांबायचं. लिफ्टर तेलाने भरलेला असतो, ते तेल झिरपून बाहेर पडेपर्यंत तो व्हॉल्व्हला उचलून धरतो. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवता आला, म्हणजे तेल झिरपलं. त्याआधी क्रँक फिरवला तर उघडा व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो. हे थांबणं दहा मिनिटांचं असेल, तासाभराचंही असेल. या वेळात चहा पिणारा मेकॅनिक चांगला, हातोडी शोधणारा नव्हे.

आत गेलाच आहात तर दोन गोष्टी विचार न करता बदला. एक, आतली कॅम बेअरिंगं. मूळच्या बेअरिंगमध्ये सुया पिंजऱ्यात विरळ बसवलेल्या असतात, त्याऐवजी सुयांनी पूर्ण भरलेली बेअरिंगं मिळतात आणि महागही नसतात. दुसरी, लिफ्टर. जुन्या लिफ्टरचा रोलर गेला तर नव्या कॅमचा लोब आधी खातो. 2006 पर्यंतच्या गाडीला तेलाच्या दाबावरचा टेन्शनर लावायचा संचही मिळतो, तो याच वेळी लावून टाकावा. ऑर्डर देताना गाडीचं वर्ष आणि प्लेट कुठली आहे, दोन्ही सांगा, कारण जुन्या-नव्या पिढीचे भाग सहज अदलाबदल होत नाहीत.

चेनचा त्रासच नको म्हणून गियरवर फिरणारे कॅम घेणारेही आहेत. कल्पना उत्तम: टेन्शनर नाही, बूट नाही, चुरा नाही. अट एकच. क्रँकच्या टोकाचा रनआऊट (फिरताना येणारी डोल) तीन थाउच्या, म्हणजे 0.003 इंचाच्या आत हवा. मशिन शॉपमधला कारागीर डायल गेज लावून पाच मिनिटांत सांगेल. जास्त असेल तर गियर एकमेकांत कधी घट्ट, कधी सैल बसतात, रडतात आणि शेवटी खातात. गेज न लावता गियरचे कॅम गळ्यात मारणाऱ्या दुकानातून उठून यावं.

कॅम बसला तरी काम संपत नाही. 2007 पासूनच्या गाड्यांत इंधनाचा हिशेब ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो, आणि त्याच्याकडचा तक्ता जुन्या कॅमचा असतो. नवा तक्ता भरावाच लागतो. हा तक्ता बदलणारं स्क्रीमिन ईगल ट्यूनर हार्ले स्वतः विकत असे. उत्सर्जनाचे नियम मोडले जातात म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कंपनीला धरलं, आणि ऑगस्ट 2016 मध्ये 1 कोटी 20 लाख डॉलरचा दंड मान्य करून कंपनीने अशी उपकरणं विकणं थांबवलं. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम निर्मात्याच्या मापांपासून गाडी बदलण्याला आडवं येतं, आणि वॉरंटी तर झाकण उघडताच धोक्यात येते. हे माहीत असू द्यावं, मग निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

राहिला आवाज. अनेकांना खरं तर तोच हवा असतो. हार्लेचा तो लंगडत पडणारा ठेका कॅमचा नाही. 45 अंशांत मांडलेले दोन सिलिंडर एकाच क्रँकपिनवर असल्यामुळे ठिणग्या 315 आणि 405 अंशांच्या अंतराने पडतात, म्हणून तो येतो. कंपनीने 1994 मध्ये त्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता, 2000 मध्ये अर्ज मागे घेतला. मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम, म्हणजे एक्झॉस्ट मिटायच्या आत इन्टेक बराच उघडणारा, ठेका आणखी तुटक करतो खरा. पण तो आयडलला पेट्रोल वाया घालवतो आणि खालचा टॉर्कही खातो. कॅफेसमोर उभी करायला गाडी घेतली असेल तर तो जरूर घ्या. टूरिंगला नको.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कॅमचं कार्ड, तुमच्या इंजिनाचं मोजलेलं कॉम्प्रेशन आणि ट्यूनिंग कोण, कशावर करणार ते. यातली एकही द्यायला जो कांकू करेल, त्याच्याकडून फक्त टेन्शनर बदलून घ्या आणि मूळ कॅमवर गाडी चालवा. मूळ कॅम काही वाईट नसतो.