खाडाखोडीतून उमटलेले प्राणी

वहीत लिहिताना एखादा शब्द चुकला, की आपण त्यावर रेघ ओढतो. पानाची शोभा जाते आणि आपले मनही खट्टू होते. ते पान गुरुजींच्या दृष्टीस पडू नये, असे वाटते. परंतु अशाच खोडलेल्या शब्दांतून एका थोर कवीची चित्रकला जन्मास आली आणि ती पाहावयास पॅरिस शहरातील रसिक जमले, असे कोणी सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. ते कवी म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर होत.

रवींद्रनाथांना चित्रांची ओढ बालपणापासून होती. पण हाताला वळण लागत नव्हते. आपली पेन्सिल चालते त्याहून खोडरबरच अधिक चालते, असे त्यांनी १९०० साली शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांना पत्रातून विनोदाने कळविले होते. त्यांचे पुतणे अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे नामवंत चित्रकार झाले. शांतिनिकेतनातील कलाभवनात नंदलाल बोस विद्यार्थ्यांना चित्रकला शिकवू लागले. अशा जाणत्यांच्या सहवासात राहूनही रवींद्रनाथ दीर्घकाळ चित्रांचे केवळ प्रेक्षकच राहिले.

१९२४ साली पेरू देशाकडे जात असता ते बोटीवर आजारी पडले आणि त्यांना अर्जेंटिनात थांबावे लागले. ब्युनॉस आयरिसजवळील सान इसिद्रो या गावी, ला प्लाता नदीच्या काठी, व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेने त्यांची राहण्याची व्यवस्था केली. तेथे लिहिलेल्या कविता पुढे ‘पूरबी’ या संग्रहात आल्या. त्या कवितांच्या वहीत खाडाखोड पुष्कळ होती. खोडलेले शब्द पानावर विखुरलेले पडावेत, हे रवींद्रनाथांना पाहवेना. मग ते एका खोडलेल्या शब्दाची रेघ दुसऱ्या खोडलेल्या शब्दापर्यंत नेत. पाहता पाहता त्या रेघेला चोच फुटे, शेपटी येई, डोळा उमटे आणि उरलेल्या ओळींच्या मधून एखादा विलक्षण प्राणी डोकावू लागे. ओकाम्पो यांनी ती वही पाहिली आणि त्या चकित झाल्या.

पुढे, १९२८ च्या सुमारास, रवींद्रनाथ स्वतंत्र कागदावर चित्रे काढू लागले. कधी लेखणी, कधी चिंधी, तर कधी नुसते बोट शाईत बुडवून ते रंग भरीत. आपल्या पुराणांत गरुड, मकर, शरभ असे अद्भुत प्राणी आहेत. पण त्यांची रूपे कथांनी ठरवून दिलेली असतात. रवींद्रनाथांच्या प्राण्यांना ना कथा होती, ना नाव. सृष्टीत जन्मास येता येता राहून गेलेले जीवच जणू कागदावर अवतरले होते! त्यांच्याबरोबर आणखीही एक विश्व त्या कागदांवर उमटले. पिवळसर संध्याप्रकाश आणि त्यापुढे स्तब्ध उभी असलेली काळी झाडे, अशी त्यांची निसर्गचित्रे आहेत. ती पाहताना शांतिनिकेतनाच्या माळावरील सायंकाळ आठवते.

१९३० साली ही चित्रे घेऊन रवींद्रनाथ युरोपात गेले. ओकाम्पो त्या वेळी पॅरिसमध्ये होत्या. त्यांनी खटपट करून पिगाल येथील दालनात प्रदर्शन भरविले. २ मे रोजी ते उघडले, तेव्हा रवींद्रनाथांना एकोणसत्तर वर्षे पूर्ण होण्यास पाचच दिवस उरले होते. १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळवून कवी म्हणून त्यांनी जगभर कीर्ती संपादन केली होती. आता चित्रकलेत ते केवळ नवशिके होते. चित्रे फसली असती, तर एवढ्या मोठ्या माणसाचे हसे झाले असते. तरीही ते कचरले नाहीत. बंगाली कविता परक्या वाचकाला कळण्यास भाषांतर लागते. रेषेला मात्र दुभाष्या लागत नाही. पॅरिसच्या रसिकांनी त्या अनामिक प्राण्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी बर्मिंगहॅम, लंडन, बर्लिन, मॉस्को आणि न्यूयॉर्क येथेही त्यांची चित्रे मांडली गेली. १९३१ साली कलकत्त्यातही त्यांचे प्रदर्शन भरले.

१९४१ साली रवींद्रनाथ निवर्तले. तोपर्यंत, आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत, त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली होती. ज्या हाताला खोडरबरच अधिक लागत असे, त्याच हाताने हे सारे केले.

चूक झाली की ती झाकावी, असे आपल्याला वाटते. रवींद्रनाथांनी चूक झाकली नाही आणि तशीच टाकूनही दिली नाही. तिला शेजारच्या रेषेशी जोडून त्यांनी तिला रूप दिले. पुढच्या वेळी वहीत एखादा शब्द खोडावा लागला, तर त्या रेघेकडे क्षणभर नीट पाहा. कुणी सांगावे, तेथेही एखादा प्राणी जन्माची वाट पाहत असेल!