बोरान गाई आणि सरकता बोमा

केनियातल्या लायकिपिया पठारावर, विषुववृत्ताला लागून, ओल पेजेटा हे सुमारे ९०,००० एकरांचं खासगी अभयारण्य आहे. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांतला शेवटचा नर ‘सुदान’ इथेच १९ मार्च २०१८ रोजी मेला. ती बातमी जगभर झाली. त्याच रानात चरणाऱ्या हजारो गाईंकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. मुळात हे गुरांचंच रान. २००४ मध्ये ते एका ब्रिटिश निसर्गसंस्थेने घेतलं, पण गुरं काढली नाहीत.

या गाई बोरान जातीच्या, वशिंडाच्या आणि चिवट. दिवसा गुराख्यांच्या नजरेखाली चरतात आणि अंधार पडायच्या आत बोम्यात येतात. बोमा म्हणजे गुरांचा वाडा. पूर्वी तो काटेरी फांद्यांचा असे. आता लोखंडी चौकटी जोडून उभा करतात. सिंह बाहेर राहतो. काही दिवसांनी चौकटी सोडवून वाडा पुढे हलवायचा, आणि बोम्याची खरी करामत त्यानंतरच दिसते. साचलेल्या शेणामुताने जमीन अशी कसदार होते की तिथलं गवत आसपासच्या रानाहून सरस निघतं, आणि इंपाला हरणं तिथे ठाण मांडतात. असे जुने हिरवे तुकडे कित्येक दशकं टिकतात. आपल्याकडे धनगराची मेंढरं शेतात बसवतात, त्यातलंच हे गणित. फक्त इथे पीक हरणं खातात.

गोचिडांचंही तसंच. रानभर फिरून गुरं त्या अंगावर गोळा करतात आणि औषध लावलं की त्या मरतात. फुकटचा फायदा रानातल्या जनावरांना.

पण झेब्रे गाईंचा चारा खात नाहीत का? खातात. जवळच्या म्पाला संशोधन केंद्रातल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. कोरड्या हंगामात रानजनावरांमुळे गाईंचं वजन कमी भरतं; पावसाळ्यात मात्र झेब्रे जून, राठ गवत संपवतात, खालचं कोवळं गाईंना मिळतं आणि वजन जास्त भरतं.

केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे. त्यामुळे रानजनावरांतून पैसा यायचा तो पर्यटकांकडून. ते आटले की गोमांसाची विक्री हात देते.

हे सगळं पटतं, तरी एक गोष्ट खटकतेच. १९११ च्या कराराने ब्रिटिशांनी मासाईंना या पठारावरून हलवलं. गोऱ्यांची मोठी कुरणं त्या जमिनीवर उभी राहिली. दुष्काळात शेजारचे पशुपालक कुंपणाशी येतात तेव्हा हा इतिहास त्यांच्या तोंडी असतो. २०१७ मध्ये तर लायकिपियातल्या खासगी कुरणांत हजारो गुरं जबरदस्तीने घुसवली गेली, माणसंही मारली गेली. काही कुरणं आता शेजाऱ्यांची गुरं ठरवून, मोबदला घेऊन आत चरू देतात. किती गुरं आणि कुणाची, यावर दर दुष्काळात नव्याने घासाघीस होते.