एकट्याची ज्वारी पाखरं खातात

अकोट-दर्यापूरकडच्या एखाद्या कास्तकाराला विचारा, भाऊ, ज्वारी का सोडली? भावाचं गाऱ्हाणं तो नंतर सांगेल. आधी पाखरांचं बोलेल, मग रोह्यांचं (नीलगायींचं), मग रानडुकरांचं. शिवारभर सोयाबीन आणि पऱ्हाटी (कापूस) उभी, आणि मधे याची एकट्याची दोन एकर ज्वारी. कणसात दूध भरलं की आसपासच्या गावांतले राघू, चिमण्या, मुनिया तिथंच उतरणार. पूर्वी गोफण घेऊन पोरं राखणीला असायची. आता पोरं शाळेत आहेत, मजूर परवडत नाही, आणि रात्रीची जागल वेगळीच.

हे गाऱ्हाणं परिसंस्थाशास्त्राच्या चौकटीत नेमकं बसतं. एका परिसरात दाणे खाणारी तोंडं ठरावीक असतात आणि त्यांची भूकही ठरावीक असते. दोनशे एकर ज्वारी एकाच वेळी निसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं नुकसान येतं. दोनच एकर असली तर तीच भूक सगळी त्या दोन एकरांवर पडते. मेळघाटातला बांबू कित्येक वर्षांनी एकदाच, पण सगळा मिळून फुलतो. त्यामागेही हेच गणित असावं, असं मानलं जातं. उंदरांनी पोटभर खाऊनही रुजायला बी उरावं एवढं बी एकदम टाकायचं. ज्वारीलाही एकटेपण सोसत नाही.

‘स्थानिक खा’ हा सल्ला मात्र आपण नेहमी एकट्या माणसाला देतो. पिशवी घेऊन बाजारात जा, गावचं घ्या, बरं वाटून घ्या. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हा अमरावती-अकोल्यातही फलक लागले, पाककृती स्पर्धा झाल्या, ज्वारीचे केक झाले. केकला माझी हरकत नाही. पण केकमुळे शिवारात ज्वारीचं एक तास वाढलं असेल, असं मला वाटत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. अन्न जितकं लांबून येतं तितकं ते पर्यावरणाला महाग पडतं, हे ऐकायला पटतं. मोजायला गेलं की डळमळतं. अमेरिकेतल्या वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी २००८ साली तिथल्या घरगुती अन्नाचा हिशेब मांडला. हरितगृह वायूंमध्ये सगळ्या वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के निघाला, आणि शेत ते दुकान या टप्प्याचा जेमतेम ४ टक्के. बाकीचा मोठा भाग शेतातच तयार होतो. त्यात खतं आली, जनावरं आली, आणि नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड आला. हा वायू वजनाला वजन कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमान वाढवतो. बोटीने आलेली मोझांबिकची तूर केवळ बोटीमुळे वाईट ठरत नाही. अकोल्याची तूर घ्यायची ती ट्रकचं डिझेल वाचवायला नव्हे. ती घेण्याचं कारण वावरात आहे.

ते कारण समजायला ज्वारी गेली कशी हे पाहावं लागतं. वऱ्हाडातली जुनी उंच ज्वारी दिवसाच्या लांबीवर फुलायची. दिवस लहान होऊ लागले, पाऊस ओसरला, की मगच निसवायची. दाणा कोरड्या हवेत भरायचा. उत्पन्न कमी, पण दाणा मोत्यासारखा. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. पुढे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या वाणांपासून सीएसएच-१४ निघाला. झाड बुटकं झालं, उत्पन्न वाढलं, पीक लवकर येऊ लागलं, आणि त्या लवकर येण्यातच घोळ झाला. दाणा भरताना परतीचा पाऊस गाठतो, बुरशी धरते, ज्वारी काळी पडते. अडत्या मूठभर दाणे तळहातावर घेऊन नुसता चेहरा करतो आणि भाव उतरतो. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीन आलं. पाखरं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत, मळणी यंत्राने होते, पैसा लवकर हाती येतो. कास्तकाराने हिशेब केला आणि तो त्याच्या परीने बरोबर होता.

सोयाबीनला उगाच झोडपण्यात अर्थ नाही. तेही द्विदल आहे, त्याच्याही मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी असतात. पण वऱ्हाडात पिकलेलं सोयाबीन, तेल सोडलं तर, वऱ्हाडाच्या ताटात जवळजवळ येतच नाही. तेल गाळलं जातं, ढेप कोंबड्यांच्या खाद्याकडे जाते. त्याची मुळं उथळ. ज्वारी आणि तूर काळ्या मातीत खोल उतरतात. आणि ज्वारी गेली तसा कडबाही गेला. कडबा नाही म्हणून जनावरं कमी झाली, जनावरं कमी झाली म्हणून शेणखत गेलं, आणि शेणखताची जागा युरियाच्या पोत्याने घेतली. भाकर ताटातून उठली ती एकटी उठली नाही.

खारपाणपट्ट्यात ही गोष्ट आणखी टोकदार होते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन. भूगर्भातलं पाणी खारं. विहीर खणून ओलीत करावं तर सोडियम मातीत उतरतो. सोडियम चढला की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून सुटे होतात, छिद्रं बुजवतात आणि पाणी मुरेनासं होतं. (याच गुणामुळे इथल्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद न अंथरताही पाणी टिकतं. निसर्ग एका हाताने घेतो तेव्हा दुसऱ्या हाताने काही देतो, पण हिशेब बरोबरीचा नसतो.) इथे शेती पावसावर आणि मातीत साठलेल्या ओलीवर. मूग काढायचा आणि त्याच ओलीवर हरभरा पेरायचा, ही दर्यापूरकडची जुनी रीत. जोडीला करडई. तिची मुळं फार खोल जातात, क्षारही बऱ्यापैकी सोसते. पण ती काटेरी असल्याने काढणीला माणूस मिळत नाही आणि तेलाच्या पिशवीवर सूर्यफूल आणि सोयाबीनचं राज्य आहे. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी मात्र आजही मंडईत दिसते. ती घेतली तर कोवळी पानं खुडणाऱ्या बाईला पैसे मिळतात आणि करडई पेरण्याचं एक छोटंसं निमित्त उरतं.

न्यूयॉर्कजवळ डॅन बार्बर नावाचा एक नामांकित शेफ आहे. ज्या शेतकऱ्याच्या गव्हाची चव त्याला फार आवडली, त्याच्या शेतावर तो गेला, तर तिथे गहू थोडाच आणि बाकी राय, बकव्हीट, चवळी, मिलेट! मातीचा कस या बाकीच्या पिकांनी राखला होता, आणि तीच पिकं कुणी विकत घेत नव्हतं. २०१४ साली ‘द थर्ड प्लेट’ या पुस्तकात त्याने लिहिलं, की स्वयंपाक्याने आवडतं धान्य उचलून चालत नाही, फेरपालटीतली सगळी पिकं ताटात आली पाहिजेत. अमेरिकेत हा विचार नवा ठरला. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बायांना तो सांगितला तर त्या विचारतील, मग आजवर आम्ही काय करत होतो?

खरंच, काय करत होत्या? ज्वारीत सालासकट उडीद दळून कळण्याची भाकर. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात भरपूर. दोन्ही मिळून प्रथिनं पुरी पडतात. ज्वारीच्या कण्या आणि डाळ घालून अंबाडीची भाजी. तिच्या आंबटपणातली सेंद्रिय आम्लं धान्यातलं लोह शोषून घ्यायला मदत करतात. जवसाची चटणी, तुरीच्या डाळीचे फुनके, मुगाचे वडे, हरभऱ्याच्या पिठाच्या पातोड्या. शिवारातली पेरणी आणि चुलीवरची भांडी यांची यादी जवळजवळ एकच होती.

आजच्या हॉटेलवाल्याची अडचण निराळी आहे. भाकर थापायला हात लागतो आणि ती गरमच वाढावी लागते. ज्वारीत ग्लुटेन नाही; उकळत्या पाण्याने पिठातला थोडा स्टार्च चिकट होतो, त्याच्याच आधाराने भाकर एकत्र राहते. थंड झाली की स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट रचले जातात आणि भाकर वातड होते. (हा घट्ट झालेला स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या कामी येतो. शिळ्या भाकरीच्या काल्याला हे आधुनिक प्रमाणपत्र.) तेव्हा भाकरीचाच हट्ट कशाला? सकाळच्या नाश्त्याला ज्वारीच्या पिठाची उकडपेंडी, धिरडी, आंबील, कण्यांची खिचडी हे सगळं आधी करून ठेवता येतं. थंडीत हुरडा आहे. हुरड्याचं कणीस दाणा पिकायच्या आधी, साखरेचा स्टार्च पुरता व्हायच्या आत काढतात, म्हणून गोड लागतं. आणि त्याचा भाव सुक्या दाण्याच्या कितीतरी वर जातो.

पिठाच्या बाबतीत ‘जवळचं’ या शब्दाला खरंच वजन आहे. ज्वारीच्या अंकुरात स्निग्धांश असतो. दळल्याबरोबर तो हवेच्या आणि विकरांच्या तावडीत सापडतो आणि काही आठवड्यांत पिठाला कडवट वास येऊ लागतो. पिठाची विरी जाते, भाकर थापताना तडकते. महिन्यांपूर्वी दळून पाकिटात भरलेलं पीठ आणि कोपऱ्यावरच्या चक्कीचं पीठ यांत हा फरक आहे. दुकानातून दाणे घ्या, दळण गल्लीत करा. घेताना एवढंही विचारा, की ज्वारी कुठली? कारण अकोल्यात चोखंदळ गिऱ्हाईक ‘मालदांडी’ मागतं, आणि मालदांडी मुळात सोलापुरातल्या मोहोळची, रब्बीची. उत्तम ज्वारी, पण तिच्यामुळे वऱ्हाडातलं एकही कणीस वाढत नाही.

तुरीचंही असंच. अकोला डाळमिलांचं शहर आहे. पण अकोल्याच्या मिलमधून निघालेली डाळ अकोल्याच्याच तुरीची असेल असं नाही. देशात तूर म्यानमारहून येते, आफ्रिकेतून येते. तुरीचं साल आणि डाळिंब्या यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो, म्हणून ती भरडायला हरभऱ्यापेक्षा अवघड: आधी ओरखडे पाडायचे, तेल-पाणी मुरवायचं, वाळवायचं, मग साल सुटतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने हे काम गावपातळीवर व्हावं म्हणून ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ तयार केली, आणि अनेक बचत गटांनी ती घेतली. तुरीऐवजी डाळ विकली की वरचा पैसा गावात राहतो, आणि चुनी गावच्याच गोठ्यात जाते. ही डाळ पॉलिशची नसते, जरा मळकी दिसते. आचारी नाक मुरडतो ते रंगाला, चवीला नाही.

आता हिशेबाकडे. अमरावतीत शिकणाऱ्या पोरांच्या मेस गल्लोगल्ली आहेत. शंभर जेवणारांची एक मेस धरा. आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी एक भाकर, भाकरीला ७५ ग्रॅम पीठ, वर्षाचे चाळीस आठवडे. नऊ क्विंटल ज्वारी झाली. एकरी सहा क्विंटल धरले तर दीड एकर. वीस मेसवाल्यांनी मिळून एकाच गावाशी बोलणं केलं तर तीस एकर, आणि तेही एका शिवारात, लागून लागून. तीस एकरांत पाखरांचा वाटा अंगावर येत नाही आणि रोह्यांची जागल पाळीपाळीने करता येते. हाच माल वीस गावांतून दीड-दीड एकर घेतला, तर पुढच्या वर्षी वीसही जण सोयाबीन पेरतील. म्हणून दाण्याच्या भावाइतकंच खरेदी कशी बांधली आहे हे मोलाचं. मेसवाली काकू, लग्नाचे आचारी, शाळा-वसतिगृहांची स्वयंपाकघरं यांची गरज ठरलेली आणि वर्षभराची असते. पंचतारांकित शेफपेक्षा वऱ्हाडात त्यांच्या हातात जास्त आहे.

अशी एकजूट इथे अगदीच नवी नाही. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेलं रान गावाने राखलं, आणि तिथली सीताफळं मिळून ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने थेट मुंबईत विकली. २०१४ साली गावाला भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. फळं सातशे किलोमीटर गेली, तरी रान राखलं गेलं. एकेकट्याने टोपली घेऊन परतवाड्याच्या बाजारात बसून हे झालं नसतं.

भावाचं शेवटी बोलतो, कारण तिथेच घोडं अडतं. २०२५-२६ च्या खरिपासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता, सोयाबीनचा ५,३२८, तुरीचा ८,०००. कडब्याचे पैसे धरले तरी ज्वारीवाला सहजी वळणार नाही. मेसवाल्यांना त्यावर काही रुपये द्यावे लागतील. भाकरीमागे हिशेब केला तर किलोला दहा रुपये जादा म्हणजे ७५ पैसे. हे जमण्यासारखं आहे. अवघड कलम दुसरंच आहे, आणि ते मृगाच्या आधी बसून लिहायला हवं. ऑक्टोबरात पाऊस लांबला आणि ज्वारी काळी पडली तर काय? बुरशी लागलेल्या दाण्यात विषारी द्रव्यं असू शकतात, तो दाणा माणसांच्या ताटात घालता येत नाही. तो जाणार व्यापाऱ्याकडे, पडेल त्या भावाने. मधला तोटा एकट्या कास्तकाराने सोसायचा, की मेसवाल्यांनी अर्धा उचलायचा?