चपला आत की बाहेर? घरच्या कॉम्प्युटरचे गैरसमज

१९९९ साली मी कॉम्प्युटर क्लासला जायला लागलो, तेव्हा दारावर पाटी होती : ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. आत गालिचा, एसी आणि प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवलेले सहा कॉम्प्युटर. आमच्यातल्या निम्म्या मुलांची पक्की समजूत होती, की व्हायरस चपलांना चिकटून आत येतो. पुढच्याच वर्षी घरी कॉम्प्युटर आला आणि नियम उलटा झाला. कॅबिनेटला हात लागला की बोटांना मुंग्या यायच्या. आईचं फर्मान निघालं, ‘पायात स्लिपर असल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.’ देवघराला लागून असलेल्या खोलीत आम्ही चपला घालून बसू लागलो.

या दोन नियमांपैकी एक कालबाह्य होता आणि दुसऱ्यामागे खरा धोका दडलेला होता. त्यातला कोणता कसा, हे कळायला मला बराच काळ लागला. नंतर अशा समजुती तपासताना एक प्रश्न फार उपयोगी पडला : हे कधीतरी खरं होतं का?

गैरसमज १ : धुळीच्या चपलांनी कॉम्प्युटरला व्हायरस लागतो

वस्तुस्थिती : व्हायरस म्हणजे कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम. तेव्हा तो फ्लॉपीतून यायचा, आता पेनड्राइव्हमधून किंवा ईमेलला जोडलेल्या फाइलमधून येतो. चपलांच्या नियमाचं मूळ मात्र खरोखर धुळीतच आहे. जुन्या मोठ्या कॉम्प्युटरांच्या डिस्कचे गठ्ठे हाताने काढता-घालता यायचे. चकतीवरची माहिती वाचणारं हेड केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं, त्यामुळे मध्ये धुळीचा कण आला की चकती खरवडली जायची. घरच्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क बंद डबीत आली आणि ही भीती संपली. पाटी तेवढी राहिली.

धूळ आजही वाईटच, पण कारण वेगळं आहे. ती पंख्यात आणि जाळीत साचते, हवा अडते आणि यंत्र तापतं. लॅपटॉप गोधडीवर ठेवून काम केलं तरी नेमकं हेच होतं.

गैरसमज २ : रिफ्रेश केलं की कॉम्प्युटर हलका होतो

वस्तुस्थिती : कॉम्प्युटर सुरू झाला, की उजवं बटण दाबून चार-पाच वेळा रिफ्रेश केल्याशिवाय आपल्याकडे कामाला सुरुवात होत नाही. मीही अनेक वर्षं ते नेमाने केलं. रिफ्रेशने समोरच्या फोल्डरमधली नावं आणि चित्रं पुन्हा वाचून पुन्हा मांडली जातात, बाकी काही होत नाही. त्याने रॅम रिकामी होत नाही आणि वेगही वाढत नाही. जुन्या विंडोजमध्ये नवी फाइल कधीकधी लगेच दिसायची नाही, ती दिसावी म्हणून ही सोय होती. सोयीचं कर्मकांड आपण केलं.

गैरसमज ३ : बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं एकच

वस्तुस्थिती : हे एकेकाळी खरं होतं. २०१२ साली विंडोज ८ आली आणि तिच्याबरोबर कॉम्प्युटर चटकन सुरू व्हावा म्हणून एक युक्ती आली. ‘शट डाऊन’ केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. म्हणजे कालची अडचणही त्याच्याबरोबर परत येऊ शकते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. प्रिंटर रुसला, आवाज गेला, तर रात्रभर बंद ठेवण्यापेक्षा एकदा रीस्टार्ट करावं.

गैरसमज ४ : ५०० जीबीची डिस्क ४६५ दाखवते, म्हणजे दुकानदाराने फसवलं

वस्तुस्थिती : माझे वडील यावरून दुकानात भांडून आले होते. दुकानदार निर्दोष होता, पण त्यालाही कारण सांगता आलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, त्यांचे ५०० जीबी म्हणजे ५०० अब्ज बाइट. विंडोज मोजते १०२४ च्या पटीत. तिच्या लेखी एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. भागाकार केला की ४६५ उरतात. याच हिशेबाने १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. ॲपलने २००९ पासून मॅकमध्ये हजाराचं माप घेतलं, त्यामुळे तीच डिस्क मॅकला लावली तर पुरे ५०० दिसतात. माल तेवढाच, मापं दोन.

गैरसमज ५ : कॉम्प्युटर मंद झाला, रॅम वाढवा

वस्तुस्थिती : रॅम कमी पडत असेल तरच वाढवून उपयोग होतो. कमी पडते का, ते टास्क मॅनेजर उघडून अर्ध्या मिनिटात कळतं. मी न पाहताच जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम दुप्पट केली आणि फरक शून्य पडला. खोळंबा हार्ड डिस्कपाशी होता. लॅपटॉपमधल्या डिस्कची चकती साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी हेड योग्य जागी सरकायचं. अशा विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभरसुद्धा वाचून होत नाहीत. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने त्याच वेळात हजारो होतात. भंगारात निघालेला तो लॅपटॉप एसएसडी बसवल्यावर आणखी पाच वर्षं चालला.

गैरसमज ६ : ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट, तासभर काम करा

वस्तुस्थिती : भारनियमनाच्या काळात ही समजूत आम्हाला महागात पडली. व्हीए आणि वॉट एक नव्हेत. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात बहुधा ३६० वॉट लिहिलेलं असतं. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असेल, तर तिच्यात गुणाकाराने ८४ वॉट-अवर भरतात. दीडशे वॉट खाणारा कॉम्प्युटर त्यावर कागदोपत्री अर्धा तास चालेल. पण भराभर उपसली की ही बॅटरी पुरती क्षमता देत नाही आणि रूपांतरातही वीज वाया जाते. प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर नशीब. यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नसतोच, काम जतन करून नीट बंद करता यावं यासाठी असतो.

दोन-तीन वर्षांत बॅटरी थकते. लाइट जाताच यूपीएस ओरडून आडवा झाला, तर आधी तिची चौकशी करावी. आणि लेझर प्रिंटर त्यावर कधी लावू नये. त्यातला शाई वितळवणारा रोलर तापताना एकदम शेकडो वॉट ओढतो.

गैरसमज ७ : लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी

वस्तुस्थिती : निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांसाठी हा सल्ला रास्त होता. अर्धवट उतरवून पुन्हापुन्हा भरलं, की त्यांची क्षमता घटल्यासारखी वागणूक दिसायची. लिथियम-आयनची बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली, आणि आजच्या बहुतेक सगळ्या लॅपटॉपमध्ये हीच जात असते. तिला ही खोड नाही. उलट दर वेळी तळ गाठला तर ती लवकर म्हातारी होते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापत राहणंही तिला सोसत नाही. लॅपटॉप कायम चार्जरला जोडलेला असेल आणि ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल, तर ती चालू करावी.

गैरसमज ८ : ‘सेफली रिमूव्ह’ न करता पेनड्राइव्ह काढला की तो जळतो

वस्तुस्थिती : जळत नाही, फाइल बिघडू शकते. पूर्वी विंडोज लिहायचा मजकूर थोडा साठवून सवडीने लिहायची. पडद्यावर काम संपलेलं दिसायचं, पण पेनड्राइव्हवर ते उतरलेलं नसायचं. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून मजकूर लगेच लिहिण्याची पद्धत मूळचीच केली गेली. तरी कॉपी चालू असताना उपटू नये, आणि महत्त्वाचं काही असेल तर तो एक क्लिक करावाच. हा नियम निम्मा जुना झाला आहे, पुरता नाही.

गैरसमज ९ : मराठी टाइप करायला मराठी कीबोर्ड आणि विकतचा फॉन्ट लागतो

वस्तुस्थिती : कीबोर्ड फक्त कितवी कळ दाबली ते कळवतो, तिचं अक्षर कॉम्प्युटर ठरवतो. भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट हा आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट आहे, आणि विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० सालापासून आहे. ती सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करायची. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताला येतात. ‘के’च्या कळीवर ‘क’, शिफ्ट दाबून ‘ख’. कन्नड किंवा गुजराती निवडली, तरी ‘क’ त्याच कळीवर सापडतो.

विकतच्या फॉन्टची समजूत मात्र एकेकाळी खरी होती. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार चिकटवायचे. माझ्या आतेबहिणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मी असाच टाइप करून पुण्याला पाठवला. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, म्हणून तिथे कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हांची रांगोळी उमटली. युनिकोडमध्ये ‘क’ला जगभर स्वतःचा एकच क्रमांक आहे. फॉन्ट बदलला तर वळण बदलतं, अक्षर तेच राहतं.

गैरसमज १० : कॅबिनेटला करंट येतो म्हणजे कॉम्प्युटर खराब आहे, चपला घालून बसा

वस्तुस्थिती : कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत विजेतला खरखराट गाळणारी चाळणी असते. तिच्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थिंगच्या तारेला जोडलेले असतात, आणि त्यांतून निसटणारी थोडीशी वीज जमिनीत जावी, अशी मुळातच योजना असते. भिंतीतल्या तीन भोकांपैकी वरचं मोठं भोक त्यासाठीच असतं. त्यामागे तारच नसेल, तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर लोंबकळत राहतं. अनवाणी माणसाने हात लावला की ती वीज त्याच्यातून वाट काढते. प्रवाह बहुधा एक मिलिअँपिअरहून कमी, म्हणून मुंग्यांवर भागतं.

धोका मुंग्यांचा नाही, मुंग्या जे सांगतात त्याचा आहे. उद्या आतली फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थिंगअभावी फ्यूज उडणार नाही आणि पुरा करंट हात लावणाऱ्याची वाट पाहत राहील. रबरी चपलांनी फक्त इशारा ऐकू येईनासा होतो. प्लगच्या तीन पिनांपैकी जाड पिन कापणं किंवा दोन पिनांचा जोड लावणं, हाही तोच प्रकार.

आमच्याकडे वायरमन आला, त्याने कॅबिनेटला टेस्टर लावला. दिवा लागला. स्विचबोर्ड उघडला, तर तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हतं. बोर्ड बसवणाऱ्याने भोक तेवढं ठेवलं होतं. परसात कोळसा आणि मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा होता, त्याची तार मीटरपर्यंत येऊन थांबली होती. त्याने तिथून हिरवी तार ओढून जोडली आणि पुन्हा टेस्टर लावला. दिवा लागला नाही. ‘उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत जा,’ एवढं सांगून तो गेला.

ते २००१ साल होतं. त्यानंतर त्या खोलीत तीन कॉम्प्युटर बदलले. मागच्या दिवाळीत माझी मुलगी तिथे लॅपटॉप उघडून बसली आणि आईने आतून हाक मारली, ‘अगं, पायात स्लिपर घाल आधी!’

मुलीने विचारलं, ‘का?’ आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘कॉम्प्युटरला लागतात.’