मनोरुग्णांच्या नोंदीत ‘बेघर’ हा शेरा का महत्त्वाचा?

उरला (रायपूर) : रुग्णालयाच्या केसपेपरवर नाव आणि वयानंतर पत्त्याचा रकाना येतो. मानसिक उपचारांसाठी आणलेल्या निराधार व्यक्तीच्या बाबतीत हा रकाना कोरा राहिला किंवा त्यात आधार कार्डावरील जुना पत्ता उतरवला गेला, तर ती व्यक्ती बेघर आहे ही बाब नोंदीतून नाहीशी होते. रायपूरजवळील उरला हे पोलाद व रोलिंग मिलचे औद्योगिक क्षेत्र आहे. अशा ठिकाणी परराज्यांतून आलेला कामगार आजारपणात काम आणि भाड्याची खोली गमावून बसला, तरी कागदोपत्री तो मूळ गावचा रहिवासीच राहतो.

या नोंदीवर कायदेशीर हक्क अवलंबून आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार निराधार व बेघर व्यक्तींना सरकारी आणि सरकारी निधीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांमध्ये विनामूल्य उपचारांचा हक्क आहे. बेघर मनोरुग्ण आढळल्यास व्यक्ती हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेण्याची जबाबदारी कलम १०० ने पोलिसांवर टाकली आहे. केवळ घर नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, या कारणास्तव रुग्णाला संस्थेत ठेवून घेता येणार नाही, असे कलम १९ सांगते. त्यामुळे पुनर्वसनाची तयारी दाखल होण्याच्या दिवसापासूनच करावी लागते.

बेघर कोणाला म्हणावे, हा पुढचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत रस्त्याकडेला, पदपथावर, उड्डाणपुलाखाली किंवा रेल्वे फलाटावर राहणाऱ्यांची गणना झाली; देशभरात ही संख्या सुमारे १७.७३ लाख होती. ओळखीच्यांकडे चार दिवसांचा आसरा घेणारी व्यक्ती मात्र या व्याख्येतून निसटते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत बेघरपणासाठी ‘झेड ५९.०’ हा स्वतंत्र संकेतांक आहे. अमेरिकेत व्यसनमुक्ती उपचारांच्या राष्ट्रीय नोंदीत बेघर, इतरांच्या आधाराने निवास आणि स्वतंत्र निवास असे तीन पर्याय असतात.

निवासाची स्थिती बदलती असल्याने एकदाच केलेली नोंद पुरत नाही. दाखल होताना, फेरतपासणीच्या वेळी आणि घरी सोडताना ती तारखेसह घ्यावी लागते. ‘तुम्ही बेघर आहात का?’ या प्रश्नाने संकोच वाटतो. ‘काल रात्री कुठे झोपलात?’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. रुग्णाची बोली, त्याला आठवणारे गाव, नदी किंवा स्थानक हे तपशीलही टिपणे उपयुक्त ठरते. रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना कुटुंबापर्यंत पोहोचवणाऱ्या कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन संस्थेच्या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ही माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन कलम २३ ने घातले आहे. ‘बेघर’ हा शेरा रुग्णाला मदतीपर्यंत नेण्यासाठी असतो. त्यावरून त्याची हेटाळणी झाली, तर नोंदीचा हेतूच विफल ठरतो.