नवा लाझारेत्तो : संशयित मालाचे बेट

व्हेनिसच्या उत्तरेकडील खाजणात, सांत एरास्मो या भाजीपाल्याच्या बेटाला लागून, नवा लाझारेत्तो नावाचे लहानसे बेट आहे; आणि ज्या सिनेटने 1468 साली ठराव करून साथीच्या मुलखांतून येणाऱ्या जहाजांसाठी ते राखून ठेवले, तिचा हेतू निव्वळ भूतदयेचा होता असे मानण्याचे कारण नाही. प्लेगच्या रोग्यांसाठी जुना लाझारेत्तो 1423 पासून चालू होताच. येथे अटकवावयाचे होते ते धडधाकट दिसणारे परंतु संशयित उतारू, आणि त्यांच्याहूनही अगत्याने त्यांचा माल.

याची साक्ष हवी असल्यास ‘तेझोन ग्रांदे’ या शंभर मीटरांहून लांब वखारीत जावे. तिच्या कमानी आज विटांनी बुजलेल्या दिसतात, तो उत्तरकालीन लष्करी अंमलाचा प्रताप. मूळची इमारत मोकळ्या कमानींची होती, कारण गासड्या सोडून, माल उलटापालटा करून त्याला वारा देण्याचे आणि जुनिपर व रोझमेरी यांची धुरी देण्याचे काम तेथे चाले. त्या कामावरच्या हमालांनी व पहारेकऱ्यांनी तांबड्या रंगात लिहिलेली नावे, व्यापाऱ्यांच्या खुणा आणि कोणते जहाज कोठून आले याच्या नोंदी भिंतींवर अद्याप वाचता येतात. माझ्या मते बेटावरील सर्वांत मोलाचे दप्तर तेच.

व्यापार बंद ठेवणे व्हेनिसला परवडणारे नव्हते, म्हणून मुदत आणि पहारा यांची ही तडजोड. तिचा जाच मात्र उतारूंच्या वाट्याला आला. तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड यांनी 1786 साली स्मर्नाहून मुद्दाम संशयित आरोग्यपत्राचे जहाज पकडून हा जाच स्वतः भोगला, आणि कोठडीच्या दुर्गंधीने हैराण होऊन तिच्या भिंतींना चुना लावून घेतला.

पुढे 1897 साली मुंबईच्या प्लेगाने धास्तावलेल्या राष्ट्रांची आरोग्यपरिषद याच व्हेनिस नगरीत भरली आणि संशयाची मुदत दहा दिवसांवर आली. लगेच पुढच्या वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसूचा वाटा दाखवून दिला. पिसू कापडातूनही प्रवास करते हे ध्यानी घेता गासड्यांवरचा तो जुना संशय सर्वस्वी वेडगळ ठरत नाही, जरी जहाजावरच्या उंदरांची झडती घेण्याचे त्या दक्ष अंमलदारांपैकी कोणालाही सुचले नव्हते.